घरातला कन्सोल, हातातला कन्सोल: गेमची लायब्ररी एकच असावी का?

लोकमान्यनगरकर (इंदूर), धागाकर्ता

आमच्या घरात टीव्ही एकच आहे. लोकमान्य नगरातलं वडिलांनी बांधलेलं घर, माणसं पाच. संध्याकाळी सातला आई मालिकांना बसते ती साडेदहाला उठते. दिवसभर घर तिनं ओढलेलं असतं, तेव्हा त्या वेळात रिमोट मागावा असं मला वाटतही नाही. म्हणजे टीव्हीला जोडलेला कन्सोल माझ्या वाट्याला येतो रात्री पावणेअकराला. आठवीतल्या मुलाला तर तो शनिवार-रविवारशिवाय मिळतच नाही.

हे आधी सांगतोय कारण हँडहेल्ड, म्हणजे हातातला कन्सोल, म्हटलं की लोक प्रवासच धरून चालतात. महिन्यातून एकदा मी कामासाठी अवंतिका एक्सप्रेसनं मुंबईला जातो तेव्हा तो पिशवीत असतोच, पण खरा वापर घरातच होतो, टीव्ही दुसऱ्या कुणाचा असतो तेव्हा. एका टीव्हीच्या घरात हँडहेल्ड म्हणजे दुसरा पडदा. आणि पहिल्या पडद्यावर अर्धा राहिलेला गेम दुसऱ्यावर पुढं नेता आला नाही, तर त्या मशिनचा निम्मा उपयोग गेला.

२०१४ च्या सुमारास मी एकाच कंपनीची दोन्ही मशिनं घेतली होती. नाव घेत नाही, कारण तेव्हा रिवाजच तो होता. एक गेम टीव्हीसाठी घेतला, चाळीसेक तास खेळलो. मग नोकरी बदलली, फिरती वाढली, म्हणून तोच गेम हातातल्या मशिनसाठी पुन्हा पूर्ण पैसे मोजून घेतला. सुरू केला तर पहिल्या पायरीपासून! चाळीस तासांची कमाई घरी टीव्हीखाली, आणि मी रतलामच्या फलाटावर पुन्हा तलवार कशी धरायची ते शिकतोय. पैशांपेक्षा मला ते जास्त लागलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की गेम माणूस विकत घेतो. तो माणूस सोफ्यावर बसला काय आणि बर्थवर आडवा झाला काय, गेम त्याचाच राहिला पाहिजे, आणि त्यातली प्रगतीही.

कल्पना नवी नाही. १९९४ मध्ये निन्टेंडोनं 'सुपर गेम बॉय' काढला. गेम बॉयची कॅसेट त्यात बसवायची, तो टीव्हीच्या कन्सोलमध्ये खोचायचा, की हातातला गेम टीव्हीवर. पण वाट एकेरी होती. टीव्हीचा गेम हातात येत नव्हता. पुढची वीसेक वर्षं दोन स्वतंत्र लायब्रऱ्या, म्हणजे गेमचे दोन वेगळे साठे, चालत राहिल्या. शेवटी अशी वेळ आली की २०१४ मध्ये 'सुपर स्मॅश ब्रदर्स' हा गेम हातातल्या थ्रीडीएससाठी आणि टीव्हीच्या वी यूसाठी वेगवेगळा काढावा लागला, काही आठवड्यांच्या अंतरानं. दोन्हीकडं हवा असेल तर दोनदा घ्या. वी यू जेमतेम १.३५ कोटी विकला गेला. एकाच कंपनीनं दोन चुलींवर स्वयंपाक करायचा म्हटल्यावर एक चूल मंद पडणारच.

निन्टेंडोचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी २०१३ मध्ये घरातल्या आणि हातातल्या मशिनांचे विकासविभाग एकत्र आणले, आणि २०१४ च्या सुरुवातीला गुंतवणूकदारांना सांगितलं की पुढची मशिनं एकाच कुटुंबातल्या भावंडांसारखी असतील. २०१५ मध्ये ते गेले. मार्च २०१७ मध्ये स्विच आला, टीव्हीवर आणि हातात चालणारा एकच कन्सोल. तो त्यांना बघायला मिळाला नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

आता मुलासाठी नवीन काहीतरी घ्यायचं घाटतंय. धाकटा भाऊ म्हणतो, दोन मशिनं दोन वेगळ्या जगांची असू दे, एकाच लायब्ररीच्या नादात दोन्हीकडचं वरण पातळ होतं. मला पटत नाही. इथल्या जाणकारांनी सांगावं.


पोहेजिलबी (इंदूर)

अनुमोदन. आमच्याकडं टीव्ही दोन आहेत, पण कन्सोल हॉलमध्ये आणि पाहुणेही हॉलमध्येच. वाचतोय.


तांबेकरवाडा (बडोदे)

बडोद्याहून नमस्कार. माझं बालपण दांडिया बाजारात गेलं. ९७ च्या उन्हाळ्यात न्यू जर्सीचे काका आले ते चुलतभावाचा जुना सेगा जेनेसिस हा टीव्हीचा कन्सोल, अकरा कॅसेट आणि एक हातात धरायचा 'नोमॅड' घेऊन. जेनेसिस अमेरिकेतला, म्हणजे अडॅप्टर ११० व्होल्टचा आणि चित्र एनटीएससी पद्धतीचं. आमचा टीव्ही पाल पद्धतीचा. चित्र काळंपांढरं दिसायचं आणि वर सरकत राहायचं. दोन दिवसांत वडिलांनी खोक्यात बांधून माळ्यावर टाकला.

नोमॅडला मात्र स्वतःचा पडदा होता आणि सहा पेन्सिल सेल. व्होल्टेजची भानगड नाही, टीव्हीची नाही. त्याच अकरा कॅसेट त्यात घातल्या आणि अकराच्या अकरा चालल्या. गच्चीवर चार पोरं एका सव्वातीन इंचाच्या पडद्याभोवती डोकी लावून बसलेली अजून डोळ्यांसमोर आहेत. सुट्टीभराचे खाऊचे पैसे सेलांवर गेले, आणि त्याचं मला काडीचं दुःख नाही.

सेगानं नोमॅड १९९५ मध्ये काढला, फक्त उत्तर अमेरिकेसाठी. त्याच्यासाठी वेगळा गेम निघालाच नाही. जेनेसिसची लायब्ररी तीच त्याची लायब्ररी. त्याच्याही आधी, १९९० मध्ये, टर्बोएक्सप्रेस आला होता. टर्बोग्राफ्क्स या टीव्हीच्या कन्सोलची कार्डं जशीच्या तशी हातात. तेव्हा स्विचनं हे पहिल्यांदा केलं असं कुणी म्हणालं की मला राहवत नाही.

माझं मत धागाकर्त्यासारखंच. माळ्यावर गेलेल्या कॅसेट पुन्हा खाली आल्या त्या एकाच लायब्ररीमुळं.


लष्करकर (ग्वाल्हेर)

मी विरोधात आहे, आणि जरा लांबून सांगतो.

तांबेकरवाडा, आठवण सुंदर आहे. पण नोमॅड आणि टर्बोएक्सप्रेसचं पुढं काय झालं तेही बघू. दोन्ही लवकर संपले. टिकला कोण? गेम बॉय. १६० बाय १४४ ठिपके, चार छटा, पडद्यामागं दिवा नाही, पण चार सेलवर दहा-पंधरा तास. त्याला मोठ्या भावाचे कपडे घातलेले नव्हते. त्याच्या अंगाचे कपडे त्याच्यासाठी शिवलेले होते.

नोमॅडचीच एक गोष्ट ऐका. त्याला रीसेटचं बटण नव्हतं. जेनेसिसच्या 'एक्स-मेन' गेममध्ये शेवटाकडं एका जागी कन्सोलचं रीसेट दाबल्याशिवाय पुढं जाताच येत नाही. बनवणाऱ्यांना ती मोठी गंमत वाटली असणार, आणि टीव्हीसमोर ती आहेही. नोमॅडमध्ये ती कॅसेट बसते, गेम सुरू होतो, मजाही येते, आणि तिथं येऊन अडतो. सामायिक लायब्ररीबद्दल माझी सगळी शंका या एका बटणात आहे. मोठ्या मशिनसाठी केलेली वस्तू लहानात मावते, पण ती करताना लहान मशिन कुणाच्या मनातच नसतं.

आता उलट बाजू. १९९६ चा पोकेमॉन घ्या. दोन आवृत्त्या, काही प्राणी एकीत, काही दुसरीत, आणि देवाणघेवाण करायची तर दोन गेम बॉय वायरनं जोडायचे. टीव्ही उचलून कुणी मित्राच्या घरी जात नाही, म्हणून ही कल्पना टीव्हीच्या कन्सोलवर सुचलीच नसती. निन्टेंडोचा २००४ चा डीएस घ्या. दोन पडदे, त्यातल्या एकावर काडीनं लिहायचं. त्यावर बुद्धीच्या व्यायामाचा एक गेम होता, डीएस पुस्तकासारखा आडवा उघडून धरायचा आणि अंक हातानं लिहून गणितं सोडवायची. माझ्या वडिलांनी आयुष्यात एकच व्हिडिओगेम खेळला, तो हा. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या ओसरीवर, रोज सकाळी चहाबरोबर वीस गणितं. झाली की डबा मिटायचा आणि पेपर उघडायचा. टीव्हीवरचा कुठलाही गेम त्यांच्या हातात गेला नसता, कारण टीव्हीवरचा गेम म्हणजे बैठक मारणं आलं.

डीएस १५ कोटींहून अधिक विकला गेला. ही माणसं कोण होती? बरीचशी माझ्या वडिलांसारखी. २०२० मध्ये थ्रीडीएसचं उत्पादन थांबलं आणि ती जात संपली. स्विच लाइट हातातलाच आहे, टीव्हीला जोडता येत नाही, पण त्याचं स्वतःचं असं एक पानही नाही. सगळं मोठ्या भावाचं. आज फक्त हातासाठी विचार करून बनवलेलं मशिन बघायचं तर २०२२ चा प्लेडेट बघावा लागतो, काळापांढरा पडदा आणि बाजूला फिरवायचा दांडा. तोही एका छोट्या अमेरिकन कंपनीनं काढलेला.

दोन चुली बंद करून एक केली, स्वयंपाक सोपा झाला. पण दुसऱ्या चुलीवर जे शिजायचं ते आता कुठंच शिजत नाही.


सोनचाफा (इंदूर)

मी क्वचित लिहिते, पण या विषयावर लिहायलाच हवं. वय ५८, राजेंद्र नगर. सहा वर्षांपूर्वी मुलीनं खेळायला शिकवलं. मारामारी जमत नाही. मला संवादांचे, पत्रांचे, जुन्या घरात चिठ्ठ्या सापडतात तसले गेम आवडतात. म्हणजे माझ्यासाठी गेम खेळणं हे बरंचसं वाचणं आहे.

आमचा सोफा टीव्हीपासून नऊ फुटांवर आहे. तिथून अक्षर व्यवस्थित दिसतं. तोच गेम हातात घेतला की पत्रातलं अक्षर मुंगीच्या पायाएवढं. चष्मा लावून, दिव्याखाली धरून, शेवटी मुलीकडून भिंग मागवून बघितलं. दोन ओळी वाचेपर्यंत मान भरून येते. गेल्या वर्षी एक अतिशय सुंदर गेम मी निम्म्यावर सोडला. गोष्टीत जीव अडकला होता, पण अक्षर दिसेना. सेटिंगमध्ये अक्षर मोठं करायची सोयच नव्हती.

धागाकर्त्याचं म्हणणं मला मनापासून पटतं, कारण संध्याकाळचा टीव्ही आमच्याकडंही ह्यांच्या बातम्यांचा. पण लायब्ररी एक केली म्हणजे काम झालं असं समजू नका. गेम माझ्या हातापर्यंत पोचला, डोळ्यांपर्यंत नाही पोचला.


रात्रपाळी (पुणे, मूळ इंदूर)

सोनचाफाताई, तुमचा प्रतिसाद मी ऑफिसच्या ग्रुपवर वाचून दाखवला. मी गेम एका मशिनवरून दुसऱ्यावर नेण्याचं, पोर्टिंगचं, काम करतो. त्यामुळं आतून कसं दिसतं ते सांगतो.

चित्र लहान करणं सोपं असतं. पहिला स्विच टीव्हीला जोडला की त्याची चित्रचिप ७६८ मेगाहर्ट्झवर चालते आणि हातात घेतला की साधारण निम्म्यावर, ३०७ किंवा ३८४ वर. टीव्हीवर १९२० बाय १०८० म्हणजे जवळपास २०.७ लाख ठिपके, हातातल्या पडद्यावर १२८० बाय ७२० म्हणजे ९.२ लाख. ठिपके सव्वादोन पटींनी कमी, ताकदही तेवढीच कमी, हिशेब जुळतो. पण मुख्य प्रोसेसरची गती दोन्हीकडं सारखीच ठेवलेली आहे, आणि यातच सगळं आलं. बाजारातली गर्दी, कोसळणारी भिंत, शत्रूची हुशारी, हे पडदा लहान झाला म्हणून कमी होत नाही. ते एकतर मशिनला झेपतं किंवा झेपत नाही.

म्हणून लायब्ररी एक असली की सगळ्यात दुबळं मशिन मर्यादा ठरवतं. याचं उदाहरण हँडहेल्डमधलं नाही, पण नेमकं आहे. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि स्वस्तातल्या एस यांची लायब्ररी एकच, पण एक्समध्ये १६ जीबी मेमरी आणि एसमध्ये १०. 'बाल्डर्स गेट ३' सप्टेंबर २०२३ मध्ये प्लेस्टेशन ५ वर आला आणि एक्सबॉक्सवर यायला डिसेंबर उजाडला, कारण पडदा दोघांत वाटून खेळायची सोय सिरीज एसवर बसेना. शेवटी एसवर ती सोय वगळून गेम काढला. ती सोय एसवर आली एप्रिल २०२५ मध्ये. दुबळ्या भावासाठी सगळं घर थांबलं होतं. पण हेही खरं, की थांबल्यामुळं जो स्वस्तातलं मशिन घेतो त्याला तोच गेम मिळाला. मी स्वतः स्वस्त मशिनवर वाढलो, मला ते थांबणं योग्य वाटतं.

आता अक्षर. गेमची मांडणी मुळात टीव्हीसाठी होते आणि लहान पडद्याचं काम मागं मागं ढकललं जातं. वॉल्व्ह कंपनीनं स्टीम डेक या आपल्या हँडहेल्डसाठी एक चांगली गोष्ट केली. गेमला 'व्हेरिफाइड' हा शिक्का हवा असेल तर १२८० बाय ८०० च्या त्या पडद्यावर सगळ्यात लहान अक्षर ९ ठिपक्यांपेक्षा बुटकं असता कामा नये. नऊ म्हणजे अगदी किमान, बारा ठेवा असं ते सुचवतात. शिक्का दुकानात दिसतो, म्हणून बनवणाऱ्याला अक्षराकडं लक्ष द्यावंच लागतं. असा नियम प्रत्येक सामायिक लायब्ररीत असायला हवा, विक्रीला परवानगी देण्याच्या आधी.

अवांतर: नऊ ठिपके हे रोमन अक्षरांसाठी. मराठीत गेम आले तर 'दुर्मिळ' हा एकच शब्द बघा, खाली उकार, वर रफार, शेजारी वेलांटी. नऊ ठिपक्यांत त्याची गाठ होईल. आपल्या लिपीला सोळा-अठरा तरी लागतील असं मला चाचण्या करताना वाटलं.


लोकमान्यनगरकर

@लष्करकर, तुमच्या वडिलांचं वाचून थांबलो. उत्तर द्यायला दोन दिवस लागले.

मला वाटतं आपण दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलतोय. मी घेतलेली वस्तू माझ्या मागं यावी एवढं माझं मागणं. प्रत्येक गेम प्रत्येक मशिनवर असलाच पाहिजे असं मी म्हणत नाही. पुस्तकासारखा उघडून धरायचा गेम टीव्हीवर कशाला नेऊ? तो तिथंच राहावा. पण जो गेम कंपनी दोन्हीकडं विकतेच आहे, तो मला एकदाच विकावा. सोनीनं २०१२ मध्ये टीव्हीचा प्लेस्टेशन ३ आणि हातातला व्हिटा यांच्यात 'क्रॉस-बाय' सुरू केलं होतं, काही गेम एकदा घेतले की दोन्हीकडं. मशिनं वेगळी राहिली, व्हिटाचे स्वतःचे गेमही राहिले, फक्त पाकीट एकदाच उघडायचं. 'विचर ३' स्विचवर २०१९ मध्ये आला आणि २०२० मध्ये संगणकावरची सेव्ह, म्हणजे साठवलेली प्रगती, त्यात उतरवता यायला लागली. दोन पूर्ण वेगळ्या कंपन्यांच्या मशिनांत! म्हणजे सेव्ह हलवणं अवघड नाही, इच्छा लागते.

आणि डबा मिटला की गेम झोपतो, ही सवय हँडहेल्डनंच मोठ्या कन्सोलांना लावली असं मला वाटतं. आज मुलगा शिकवणीला जाताना टीव्हीवरचा गेम तसाच निजवून जातो, परत येऊन त्याच क्षणाला उठवतो. धाकट्यांकडून थोरले शिकले.


पोहेजिलबी

मी वर 'अनुमोदन' लिहून गेलो होतो. आता माझं अनुमोदन थोडं मागं घेतो.

लायब्ररी सामायिक म्हणता, ती कुणाकुणात? तुमच्या दोन मशिनांत. माणसांमाणसांत नाही.

२००१-०२ साली आमच्या गल्लीत सहा घरांत टीव्हीगेम होते, स्वस्तातले, शिक्का कुणाचा ते आठवतही नाही. प्रत्येकाकडं एखाददुसरी कॅसेट. पण प्रत्यक्षात सहाही घरांत सगळ्या कॅसेट असायच्या, कारण त्या फिरत असत. परीक्षेच्या आधी कुणाची आई जप्त करायची, मग निकालानंतर ती गल्लीभर सोडवली जायची. तेव्हा मध्य प्रदेशात विजेची 'कटौती' किती असायची ते इथल्या सगळ्यांना आठवत असेल. दिवे गेले की ब्रिक गेम बाहेर निघायचा, ओट्यावर बसून पाळीपाळीनं, आउट झाला की पुढच्याच्या हातात. तो काय 'माझा' होता? गल्लीचा होता.

आज मी पाच हजारांच्या आसपास मोजून गेम उतरवून घेतो, तो माझ्या टीव्हीवर आहे, माझ्या हातात आहे, आणि समोर राहणाऱ्या मावसभावाला आठ दिवस द्यायचा म्हटलं तर सगळं खातंच त्याला द्यावं लागतं. गेम माणसाचा झाला म्हणता, तो इतका घट्ट माणसाचा झाला की दुसऱ्या माणसाला देता येईना. स्विच २ बरोबर 'गेम-की कार्ड' नावाचा प्रकार आला. हातात कार्ड असतं, आत गेम नसतो, तो इंटरनेटवरून उतरवायचा. ते कार्ड निदान दुसऱ्याला देता येतं, विकता येतं, हे मान्य. पण गावी नेटवर्क नसलं तर ते नुसतं प्लास्टिक.


रात्रपाळी

@पोहेजिलबी, मुद्दा मोलाचा. थोडी हालचाल झाली आहे. २०२५ मध्ये निन्टेंडोनं 'व्हर्च्युअल गेम कार्ड' आणलं, उतरवलेला गेम कुटुंबगटातल्या माणसाला चौदा दिवस उसना देता येतो, मग तो आपोआप परत येतो. तेवढे दिवस तुम्हाला तो खेळता येत नाही, म्हणजे अगदी कॅसेट दिल्यासारखं. वॉल्व्हच्या स्टीम या ऑनलाइन दुकानात २०२४ पासून सहा जणांचं कुटुंब करता येतं. पण स्टीमची अट एकाच घरात राहणाऱ्यांची आहे. समोरच्या घरातला मावसभाऊ त्यात बसत नाही.


पोहेजिलबी

आमच्याकडं मावसभाऊ म्हणजे भाऊच. हे नियम लिहिणाऱ्यांनी एकदा आमच्या गल्लीत यावं.


तांबेकरवाडा

माझ्या अकरा कॅसेट न्यू जर्सीहून आल्या त्या चुलतभावाच्या होत्या, हे मी आधी लिहिलं तेव्हा माझ्याही लक्षात आलं नव्हतं. आज त्याच्या खात्यावरचे गेम असते तर काका बॅगेत काय घालून आणणार होते?


लष्करकर

@लोकमान्यनगरकर, 'दोन्हीकडं विकतात ते एकदाच विकावं' याला माझा विरोध नाही. हे आधी कुणी असं मांडलं नव्हतं. माझं दुःख निराळं आहे. दोन्हीकडं विकता येईल असंच बनवा, हा पुढचा हिशेब कंपन्या आपोआप करतात. एकदा लायब्ररी एक झाली की फक्त हातासाठीचा गेम म्हणजे अर्धं गिऱ्हाईक सोडणं, असं कुणीतरी बैठकीत म्हणतंच. पैसा घालणाऱ्याला दोन पडद्यांची, काडीची, वायरीची गंमत कशी पटवणार? तुमचं मागणं न्याय्य आहे, आणि तरी त्याची किंमत माझ्या वडिलांसारख्या खेळाडूनं मोजली आहे.

वडील तीन वर्षांपूर्वी गेले. डीएस अजून चालतो. रोजचे गुण त्यात आलेखासारखे साठवलेले आहेत, शेवटच्या सहीसकट. ती सेव्ह कुठल्या ढगात नाही, त्या एका कॅसेटमध्येच आहे. म्हणून 'सेव्ह माणसाबरोबर जावी' हे वाचताना मी दोनदा थांबलो. त्या बाबतीत तुमचं खरं आहे.


सोनचाफा

लष्करकर, त्या कॅसेटमधली माहिती दुसरीकडं उतरवून ठेवता येते का ते रात्रपाळी सांगतील. जरूर विचारा, दिरंगाई करू नका.


रात्रपाळी

येते. कॅसेटमधली सेव्ह संगणकावर उतरवून घेणारी छोटी उपकरणं मिळतात. माझ्याकडं एक आहे. लष्करकर, व्यक्तिगत निरोप पाठवलाय.


लोकमान्यनगरकर

सगळ्यांचे आभार. कालच मुंबईहून आलो, मुलालाही सुट्टी म्हणून बरोबर नेलं होतं. सोनचाफाताईंचा प्रतिसाद डोक्यात होता, म्हणून जाताना गाडीत एक प्रयोग केला. ज्या पाच गेमची प्रगती टीव्हीवर अर्धी होती ते पाचही हातात चालू केले आणि मुलाला म्हटलं, वाच. त्याचे डोळे तेरा वर्षांचे. तिघांतलं सगळं वाचता आलं. चौथ्यात वस्तूंच्या यादीशी तो अडला. पाचव्यात नकाशावरची गावांची नावं त्यालाही दिसेनात. रतलाम मागं पडलं होतं, डब्यातले दिवे मंद होते, तरी तेरा वर्षांच्या मुलाला दिसू नये म्हणजे फार झालं. मी त्या दोन्ही गेमच्या बनवणाऱ्यांना मेल लिहिला आहे, अक्षर मोठं करायची सोय द्या म्हणून. ताई, तुम्ही निम्म्यावर सोडलेल्या गेमचं नाव मला कळवा, त्यांनाही लिहितो.

बडोदे आलं तेव्हा मध्यरात्र होत आली होती. मुलगा जागाच. त्याला मी तांबेकरवाड्यांच्या गच्चीची आणि सहा सेलची गोष्ट सांगितली. मग लष्करकरांच्या वडिलांची. त्यावर त्यानं विचारलं, "बाबा, दोन पडदे एकदम कुठं बघायचे?" मला सांगता येईना. दाखवल्याशिवाय ते सांगता येत नाही.

नवीन मशिन तूर्त घेत नाही. आहे त्याच स्विचवर पुढचं वर्ष काढू, आणि मावसभाऊ-चुलतभाऊ धरून कुटुंबगट कितपत करता येतो ते बघतो. पुढच्या महिन्यात मात्र ग्वाल्हेरला आत्याच्या नातीचं लग्न आहे, आम्ही सगळे येतोय. लष्करकर, हरकत नसेल तर एक सकाळ मुलाला तुमच्या ओसरीवर घेऊन येऊ का?


लष्करकर

या. सकाळी साडेसातला, चहाच्या वेळेला. डीएसचा चार्जर शोधून ठेवलाय, काड्या दोन आहेत. वडिलांची सेव्ह रात्रपाळींनी सांगितल्याप्रमाणं उतरवून घेतो तोवर. मग मुलासाठी त्यात दुसरं नाव घालू.